वडाखालचे पुडे

आमच्या बेटावरच्या हानातेईओ खोऱ्यात कुणालाही विचारा, कचरा कुठे टाकता, तर तो नुसती हनुवटी वळणाकडे करील. धक्क्यावरून चर्चकडे चढणारा रस्ता जिथे मोडतो, तिथे एका अंगाला घळ आहे. घळीत जुनाट वड, आणि वडाखाली आमच्या वाडवडिलांनी काळ्या दगडांचा रचलेला चौथरा. पाद्री येण्याआधी तिथे काय काय चालायचं ते आम्ही एकमेकांना कुजबुजत सांगतो, पण खाली कुणी उतरत नाही. जागा तापू आहे, म्हणजे निषिद्ध. तिथे पाऊल पडलं की पाय सुजतो, गरोदर बाईचं पोट पडतं, धडधाकट माणूस वेडा होतो. म्हणून लोक वळणावर गाडी थांबवतात, खाली न बघता पिशवी भिरकावतात, छातीवर क्रूस काढतात आणि पुढे जातात.

मला या प्रकाराची शिसारी येते. टाकताना कुणाला तापू आडवा येत नाही. उचलायचं म्हटलं की मात्र सगळ्या खोऱ्याचे पाय सुजतात. पूर्वी बोटीतून पीठ, रॉकेल आणि कापड यायचं, तेव्हा टाकण्यासारखं फारसं नव्हतंच. मग गोठवलेली कोंबडी आली, बिअर आली, बाळांचे कागदी लंगोट आले, आणि वडाचं खोड दिसेनासं झालं. रविवारी याच लोकांच्या तोंडून ‘आमचे पूर्वज, आमची माती’ अशी गाणी ऐकली की मला चर्चमधून उठून जावंसं वाटतं.

वाएहिना माझी मामेबहीण. पन्नाशी उलटलेली, अंगाने रुंद, बोलायला कमी. शाळेच्या स्वयंपाकघरात ती कित्येक वर्षं मुलांना जेवू घालत होती. खोऱ्यात तिची ओळख मात्र एकच: कवट्या विकणाऱ्या कोहूची मुलगी.

कोहूमामाने कवट्या विकल्या नव्हत्या. वाएहिना नुकती वयात आली होती तेव्हाची गोष्ट. मादाम ओदिल नावाची परदेशी बाई तंबू, थाप्या आणि चाळण्या घेऊन बोटीतून उतरली आणि ओढ्याकाठी जुनी जोती खणायला लागली. मामा तिचा वाटाड्या झाला आणि वाएहिना चाळणीवर बसली. लोक मजा बघायला जमायचे. ‘कोहूच्या पोरीला नवरा मिळायचा तेव्हा मिळेल, सध्या कचरा मिळालाय,’ असं म्हणून हसायचे. वाएहिना मान वर करत नसे. माती एकदम उपसायची नाही, सुतळीचे चौकोन पाडायचे, थराथराने सोलायची, प्रत्येक थरातलं थोडं बांधून ठेवायचं आणि ते कुठून आलं ते वर लिहायचं, एवढं ती तिथे शिकली. तेवढं शिक्षण तिला आयुष्यभर पुरलं. ती अजूनही कपाट आवरते ते थराथराने.

वडाच्या पारंब्यांत आणि मुळांच्या खोबणीत मामाच्या घराण्यातल्या पूर्वजांच्या कवट्या होत्या. त्या सांभाळणं त्याच्या घराकडे होतं, त्यामुळे तो एकटाच खाली उतरू शकत होता. मादाम म्हणाली, अभ्यास करते आणि परत आणून देते. मामाने विश्वासाने दिल्या. बदल्यात त्याला एक टॉर्च आणि बिस्किटांचा डबा मिळाला, आणि डबा तर आम्हा मुलांनीच फस्त केला. बोट गेली. पुढे काही वर्षं मादामचे निरोप येत राहिले, मग तेही थांबले. मामाच्या पायाला जखम झाली ती भरेना. राजधानीतल्या, पापीतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात साखर आहे. मामा कॉफीत काय साखर ओतायचा ते मी पाहिलेलं आहे. पण पाय कापून तो घरी आला तेव्हा खोऱ्याने निकाल दिलेला होता: वडातलं विकलं, पाय गेला. वाएहिनाचं जमलेलं लग्न त्यावरूनच मोडलं.

मरताना मामा तिला म्हणाला, “त्या परत येतील. आल्या की जिथून काढल्या तिथेच ठेव. तू स्वतःच्या हाताने ठेव. म्हणजे लोकांना कळेल.” पुढची सगळी वर्षं ती त्या एका गोष्टीसाठी थांबली होती. बापाच्या नावावरचा डाग तिला पुसायचा होता, बस.

गेल्या वर्षी मादामने नेलेल्या कवट्या परत येणार असल्याची बातमी आली. पापीतेच्या म्युझियमचा माणूस आधी बघायला आला. उतिआ त्याचं नाव, शेजारच्याच बेटावरचा, परदेशात शिकून आलेला. सभागृहात त्याने सांगितलं, आता खणायला बाहेरचे लोक येणार नाहीत; बेटावरचेच लोक खणतील, शाळेत एक खोली होईल, सापडलेलं इथेच राहील, ओढ्याकाठचं जुनं खणकाम पुन्हा उघडू. वाएहिना शेवटच्या बाकावर हात मांडीत घेऊन ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग आमचा मेयर तुआतिनी उठला. तोही आमचा चुलत-मावस काहीतरी लागतो, खोऱ्यात सगळेच लागतात.

“धक्क्याजवळ सिमेंटचा चौथरा बांधतोय,” तो म्हणाला. “वर काच, आत दिवे. पाहुणे बोटीतून उतरले की कवट्या समोरच.”

“तुझा आजा कुठे पुरलाय, तुआतिनी?” वाएहिनाने विचारलं.

“चर्चमागे. का?”

“त्यालाही आण की धक्क्यावर. दिवे लावलेच आहेत तर.”

लोक हसले. तुआतिनी हसला नाही. “बाई, वडाखाली कोण उतरणार? जागा तापू आहे.”

“आणि तिथल्या पिशव्या?”

“पिशव्या रस्त्यावरून टाकतात. खाली उतरतं कोण?”

आणि अख्ख्या सभागृहाने माना डोलावल्या. चेष्टेत नाही, मनापासून.

उतिआ दुपारी वळणावर जाऊन खाली बघून आला होता. नाकावरचा रुमाल अजून त्याच्या हातातच होता. तो म्हणाला, “कवट्या मूळ जागी जाव्यात हेच बरोबर. पण त्या घाणीत मी ठेवणार नाही. पुढच्या बोटीपर्यंत जागा साफ झाली तर वडाखाली. नाही तर धक्क्यावर.”

दुसऱ्या दिवशी शाळेतलं काम आटोपून वाएहिना घळीत उतरली. मी वळणावर माझा खोबऱ्याचा ट्रक उभा केला, दोर सोडला आणि बादल्या वर ओढायला लागलो. मी खाली उतरलो नाही. मला तापूची भीती वाटत नव्हती असं नाही. माझी आजी नखं कापली की चुलीत टाकायची, केस विंचरले की गुंतवळ जाळायची. मी दाढी करतो तेव्हा अजूनही वस्तऱ्याचं पाणी चुलीतच ओततो. भित्रा तो भित्रा, पण मी कचरा तरी परसात जाळत होतो.

त्या घळीचं वर्णन काय करू. पावसाने फुगलेले लंगोट डुकराच्या पिल्लाएवढे झाले होते. कोंबडीच्या पिशव्यांतलं पाणी सडून हिरवं पडलेलं. उंदीर दिवसाढवळ्या निवांत फिरत होते. कुणीतरी मेलेली शेळी गादीच्या कव्हरात घालून टाकली होती, आणि वाएहिनाने ते कव्हर उचललं तेव्हा ते मधोमध फाटलं. मी रस्त्यावर बसून ओकलो.

“पुहे, झालं असेल तर बादली ओढ,” ती खालून म्हणाली.

“तुला वास येत नाही का?”

“येतो की. नाक तेच आहे, बदलून कुठून आणू?”

आणि खरं सांगायचं तर ती ते उपसत नव्हती, खणत होती. सुतळी बांधून चौकोन पाडले होते. एका चौकोनातला एक थर संपला की मगच दुसरा. वर लंगोट आणि कोंबडीच्या पिशव्या. त्याखाली बिअरचे डबे. त्याखाली गंजलेले गोमांसाचे डबे, मग काचेच्या बाटल्या. त्याखाली काळी, स्वच्छ, पानं कुजून झालेली माती, आणि त्या मातीत शिंपले, माशाचे काटे आणि मोत्याच्या शिंपल्याचा एक मोडका गळ. तो तिने ओल्या बोटाने पुसून मला वर दाखवला.

“इथून खाली मादामच्या कामाचं,” ती म्हणाली. “इथून वर आपलं.”

कचरा कुणाचा तेही तिला दिसत होतं, आणि ते ओळखायला हुशारी लागत नव्हती. खोऱ्यात घरं किती आणि बोटीतून कुणाचं काय उतरतं हे आम्हा सगळ्यांनाच पाठ. “अस्वलाचं चित्र असलेले लंगोट कुणाकडे येतात?” ती विचारायची. “हुहीनाच्या सुनेकडे,” मी म्हणायचो. “डबा पिरगाळून टाकायची खोड कुणाची?” तुआतिनीची, शाळेपासूनची. एकदा केसांच्या रंगाची रिकामी पुडी निघाली, सोबत काळं गुंतवळ. आम्ही दोघेही हसलो, कारण हुहीना ही आमच्या धर्मशिक्षकाची बायको आणि आपले केस जन्मजात काळे आहेत असं ती पवित्र ग्रंथावर हात ठेवून सांगते.

प्रत्येक थरातलं थोडं थोडं वाएहिना बाजूला ठेवत होती. जुनी सवय. पिशव्या तिला त्या जागी आणखी नको होत्या, म्हणून ती ते केळीच्या पानात गुंडाळायची, सालीच्या दोरीने बांधायची, वर काळ्या पेनाने कुठल्या घराचं ते लिहायची आणि पुडा चौथऱ्यावर ओळीने मांडायची. बाकीचं मी ट्रकमधून डोंगरापलीकडच्या सरकारी खड्ड्यात नेत होतो.

“ही घाण कशाला जपतेस?” मी विचारलं.

“मधली वर्षं कुठे गेली असं पुढच्याने विचारलं तर? उतिआ म्हणाला ना, आता आपलेच लोक खणणार. त्यांना आपणही सापडायला नको का?”

मला त्या कल्पनेनेच किळस आली. वाडवडिलांनी गळ आणि कोरलेले दगड ठेवले, आम्ही ठेवणार अस्वलाचे लंगोट. पण काम करणारी ती होती. मी पुढची बादली ओढली.

बोट चार-पाच दिवसांवर आली तरी निम्मा ढीग शिल्लक होता. एका संध्याकाळी हुहीना वळणावर आली. हातात पिशवी होती. मला बघून तिने ती पाठीमागे लपवली आणि कधी नव्हे ते खाली डोकावली.

“पुहे, ते पुडे कसले?”

“कचऱ्याचे.”

“कचरा कुणी पानात बांधतं?”

“ती बांधते.”

“त्यावर माझं नाव का आहे?”

“कचरा तुझा आहे म्हणून. रंगाची पुडी आहे त्यात. आणि केस.”

तिचा हात आपोआप डोक्याकडे गेला. तोंड पिठासारखं पांढरं पडलं. ती पिशवी न टाकता, मागे न बघता निघून गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मी खाली पुन्हा नीट बघितलं. केळीचं पान, सालीची दोरी, आत केस, थुंकी, उष्टं, पोरांचं मलमूत्र. मेलेल्यांच्या जागी ओळीने मांडलेलं. आमच्याकडे करणी करतात ती अशीच. ज्याचं वाईट करायचं त्याच्या अंगावरचं काहीतरी मिळवायचं, पानात बांधायचं आणि मेलेल्यांजवळ ठेवायचं. तो माणूस झिजत झिजत जातो. चर्चने आमच्याकडून खूप काही सोडवलं, ही भीती सोडवली नाही. आणि ज्या लोकांच्या आज्या एक नखसुद्धा इकडेतिकडे पडू देत नसत, ते लोक आपली सगळी घाण वर्षानुवर्षं मेलेल्यांच्या डोक्यावर ओतत होते. तेव्हा कुणाच्या मनात हे आलं नव्हतं.

सकाळी उजाडताच वळणावर गाड्यांची रांग लागली. अख्खं खोरं घळीत उतरलं. म्हातारी, तरणी, पोटुशी, सगळी. पाय कुणाचाही सुजला नाही. आधी त्यांनी आपापले पुडे उचलून पोटाशी धरले. मग एवढ्याने भागेना, कारण आपलं आणखी काय काय कुठे पडलंय याची खात्री कुणाला? तेव्हा ते ढिगालाच भिडले. नुसत्या हातांनी. आपला लंगोट, आपला डबा, शेजाऱ्याचाही, सगळंच ओरबाडून वर नेत होते. तुआतिनी दोन्ही काखांत पिरगाळलेले डबे घेऊन चढत होता, मेयरकीचा पट्टा तेवढा घालायचा राहिला होता.

“अरे, पुडे राहू द्या. ते नमुने आहेत,” वाएहिना म्हणत होती. कुणी ऐकेना.

हुहीनाने तिचे पाय धरले. “नातू लहान आहे गं माझा. त्याचं तेवढं सोडव. तुझ्या बापाला मी जे बोलले ते सगळं परत घेते.”

वाएहिना आधी गोंधळून बघत राहिली. मग हळूहळू तिला उलगडलं. मी वरून ओरडलो, “सांग की त्यांना.” तिने माझ्याकडे बघितलं, मग चौथऱ्याकडे. चौथऱ्याचे काळे दगड तीसेक वर्षांनी उघडे पडत होते. ती खाली बसली आणि सुतळी गुंडाळायला लागली. दुपारपर्यंत घळ अशी लख्ख झाली की पानाखाली पानसुद्धा उरलं नाही.

“का नाही सांगितलंस?” मी तिला नंतर विचारलं.

“सांगितलं असतं तर उद्या पुन्हा टाकलं असतं.”

“पण ते आता तुला काय म्हणतील?”

“बापाला म्हणत होते. मला म्हणतील.”

ती हे सहज म्हणाली. पूर्वजांसाठी एक माणूस उतरला नाही, कोहूमामाच्या शब्दासाठी उतरला नाही. आपल्या केसांसाठी आणि थुंकीसाठी सगळे धावत आले. या लोकांचा मला इतका वीट कधी आला नव्हता.

बोट आली. उतिआने पेट्या वडापर्यंत आणल्या. खोरं वर वळणावर उभं राहिलं, कारण पुडे परत मिळाल्यावर जागा पुन्हा तापू झाली होती. खाली आम्ही तिघेच होतो. हो, मी उतरलो. वाएहिनाने एकेक कवटी हातात घेतली आणि मुळांत ठेवली. एवढ्या वर्षांत मुळं जाड झाली होती, खोबणी अरुंद झाल्या होत्या. एक कवटी तिला आडवी करून सरकवावी लागली. ती सरकवताना ती पुटपुटली, “बाबा, ठेवल्या.” वर ते कुणाला ऐकू गेलं नसणार, कारण तुआतिनीचं भाषण सुरू झालं होतं. गावकऱ्यांनी स्वयंस्फूर्तीने, स्वतःच्या हातांनी ही पवित्र भूमी स्वच्छ केली, असं तो माइकवर सांगत होता.

उतिआने तिला वरच्या थरातले नमुने मागितले. “घरी नेले लोकांनी,” ती म्हणाली. तो हसला. त्याला वाटलं, ती विनोद करतेय.

कोहूमामाचं नाव धुतलं गेलं का, ते सांगतो. आता लोक म्हणतात, बापाने कवट्या विकल्या आणि पोरगी त्यांच्याकडून करणी करून घेते. हुहीनाने धरलेले पाय पुडा मिळताच सोडले होते. समारंभाच्या आदल्याच दिवशी शाळेतल्या मुलांच्या आया मुख्याध्यापकाकडे गेल्या आणि वाएहिनाला स्वयंपाकघरातून काढलं. तिच्या हातचं खाऊन मोठे झालेले लोक हे.

समारंभानंतर धक्क्यावर जेवण होतं. डुक्कर, कच्ची मासळी, नारळाच्या दुधातली शेळी. वाएहिनाने पहाटे उठून नीरफणस कुटून पोपोईचा मोठा लाकडी कटोरा भरून आणला होता. तो मेजाच्या टोकाला ठेवलेला होता आणि त्याच्या आसपासची बाकं रिकामी होती. बाकीच्या मेजांवर मी एक वेगळीच गंमत पाहिली. माणसं हाडं चोखून खिशात घालत होती. बायका पोरांची तोंडं पुसून ते कागद थैलीत घालत होत्या. तुआतिनीने बिअरचे रिकामे डबे पोटरीशी दाबून ठेवले होते. आमच्या खोऱ्यात इतकं स्वच्छ जेवण कधी झालं नव्हतं. एक काटा, एक साल जमिनीवर पडली नाही. उतिआ तर कौतुकाने फोटो काढत होता.

वाएहिना कटोऱ्यापाशी एकटी बसली होती. पोपोईवर साय धरायला लागली होती.

मी मासळी वाढलेलं केळीचं पान घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो. सगळ्या मेजांवरचं बोलणं थांबलं. मी वाढून घेतलं, बोटांनी खाल्लं, पुन्हा घेतलं. हुहीना लांबून मानेने नको नको करत होती. खाऊन झाल्यावर पानावर माझं चाटलेलं उष्टं राहिलं होतं, बोटांच्या खुणा होत्या, माशाचा एक चावलेला काटा होता. आजी असती तर तिने मला तिथेच थोबाडलं असतं. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. मी पान दुमडलं नाही, उचललं नाही. तसंच तिच्यापुढे सारलं.

ती पानाकडे बघत राहिली.

“उचल ते, पुहे,” ती हळूच म्हणाली. “बघतायत सगळे.”

“राहू दे तुझ्यापाशी,” मी म्हणालो आणि हात धुवायला समुद्राकडे गेलो.